आधी पाण्याचा माग, मग रंग

प्रश्न : आमचा डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके फ्लॅट आहे, वर आणखी एक मजला. बेडरूमची पश्चिमेकडची भिंत दर पावसाळ्यात ओली होते, रंगाचे पोपडे निघतात आणि जुलै संपेपर्यंत कपाटामागे काळी बुरशी धरते. दर दिवाळीला रंगारी भिंत घासून, पुट्टी भरून ‘वॉटरप्रूफ’ रंग लावून देतो. पुढच्या पावसात पुन्हा तेच. यंदा माझ्या साड्यांना आणि मिस्टरांच्या चामड्याच्या बुटांनाही पांढरी बुरशी आली. सहा वर्षांच्या मुलाला रात्री खोकला येतो, त्याचा पलंग याच खोलीत आहे. सासूबाई म्हणतात ही कोरोनातली काळी बुरशी, घर विकून टाका. मिस्टर म्हणतात पावसाळा आहे, चालायचंच. सोसायटी म्हणते तुमच्या घरातली ओल आहे, तुमचं तुम्ही बघा. कपडे हॉलमध्ये पंख्याखाली वाळत घालावे लागतात. बुरशी कायमची मरेल असा एखादा स्प्रे किंवा रंग सुचवाल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आज पहिलं काम, मुलाचा पलंग त्या खोलीतून हलवा. हॉलमध्ये गादी घालावी लागली तरी चालेल. आणि खोकल्यासाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा भिंतीचा फोटो बरोबर न्या. पावसाळ्यात खोकला घेऊन येणारी मुलं दवाखान्यात रोजच असतात. आपण सांगितलं नाही तर त्याच्या उशाशी बुरशी आहे हे डॉक्टरांना कळायचं कसं?

आता सासूबाईंची भीती. २०२१ साली आपण सगळे ज्या काळ्या बुरशीला घाबरलो तो म्युकरमायकोसिस नावाचा आजार होता. त्यात नाका-डोळ्यांजवळचा शरीराचा भाग मरून काळा पडतो, म्हणून लोक त्याला तसं म्हणू लागले. तो झाला मुख्यतः रक्तातली साखर आटोक्याबाहेर गेलेल्या, स्टेरॉइड घ्याव्या लागलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसांना. तुमच्या भिंतीच्या काळ्या रंगावरून त्या आजाराचा अंदाज बांधता येत नाही. रंगावरून बुरशीची जातही ओळखता येत नाही, आणि ती ओळखण्यासाठी पैसे खर्च करून तपासणी करायची गरज नाही. काळी, हिरवी, पांढरी, कोणतीही असो, करायचं तेच असतं. घरात कुणाचा मधुमेह आटोक्यात नसेल, कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा कुणाला दमा असेल, तर त्या माणसाने साफसफाईच्या वेळी घराबाहेर थांबावं आणि त्या खोलीत झोपू नये. सासूबाईंना साखर असेल तर हे त्यांनाही लागू आहे.

मिस्टरांचं ‘चालायचंच’ मात्र मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी याच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास, दमा आणि ॲलर्जी जास्त होतात, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मुलं दिवसरात्र घरातलीच हवा घेतात, त्यांना आधी त्रास होतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी स्प्रे सुचवणार नाही. बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत असतात, अगदी रोज लादी पुसणाऱ्या घरातसुद्धा. धूळ, रंग, प्लायवूड, कागद, सुती कापड, चामडं, हे सगळं तिचं खाणं, आणि ते घरातून काढून टाकता येत नाही. ऊब आपल्याकडे बारा महिने आहे. आपल्या हातात राहतं ते फक्त पाणी. पृष्ठभाग कोरडा असेल तर बीजाणू नुसते पडून राहतात. ओला होऊन एक-दोन दिवस ओलाच राहिला की रुजायला लागतात. म्हणून स्प्रेने भिंत आज स्वच्छ दिसते आणि पंधरा दिवसांत जैसे थे होते.

तेव्हा प्रश्न असा की तुमच्या भिंतीत पाणी येतंय कुठून? वाटा तीन आहेत. पाऊस बाहेरून झिरपतो, एखादा पाइप किंवा वरच्यांची मोरी गळते, नाहीतर घरातलीच वाफ भिंतीवर बसते. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. एकाचं औषध दुसऱ्याला लावलं की पैसे वाया जातात, आणि गेल्या काही दिवाळ्यांत तुमच्याकडे बहुधा तेच झालंय.

शोधायला महागडं यंत्र लागत नाही. ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि तिच्यावर तारीख लिहा. दोन दिवस झड लागल्यावर डाग रेघेबाहेर सरकला, चार दिवस उघडीप मिळाल्यावर आत आला, तर पाणी पावसाचं. अशा डागाची कड पिवळसर तपकिरी असते, नकाशासारखी वेडीवाकडी, आणि वाळल्यावर तिथे पांढरी भुकटी फुलते. ती भुकटी बुरशी नव्हे, भिंतीतले क्षार पाण्याबरोबर वर आलेले असतात. थोडी खरवडून पाण्याच्या थेंबात टाका. विरघळली तर क्षार. डाग मे महिन्यातही ओला असेल तर पावसाला दोष देऊ नका, वरच्या मजल्यावर जाऊन नळ, फ्लश, मोरीची लादी बघा. बेडरूमच्या डोक्यावर वरच्यांचं न्हाणीघर येतं का, हेही पाहून ठेवा.

तिसऱ्या वाटेसाठी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल घ्या. संशयाच्या जागी भिंत वरवर पुसून कोरडी करा, फूटभर लांब-रुंद तुकडा लावा, चारही कडा टेपने पक्क्या बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. मग आधी खोलीकडच्या बाजूवर बोट फिरवा. तिथे दव असेल तर पाणी हवेतलं. मग फॉइल सोलून मागची बाजू बघा. तिथे थेंब असतील तर पाणी भिंतीच्या पोटातून येतंय. भिंत गच्च ओली असेल तर टेप चिकटणारच नाही, आणि मग उत्तर कळायला फॉइलचीही गरज उरत नाही.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं की तुमच्याकडे पहिली आणि तिसरी अशा दोन्ही वाटा आहेत. पश्चिमेची भिंत आणि पोपडे, म्हणजे बाहेरून झिरपणं. कपाटामागची बुरशी आणि साड्या-बूट, म्हणजे हवेतला दमटपणा.

पश्चिमेची भिंतच का, ते सांगते. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, सरळ न पडता आडवा मारतो. कोकणातल्या जुन्या घरांना म्हणून उतरतं छप्पर आणि पुढे आलेली वळचण असायची, आगोटीच्या आधी पावसाच्या बाजूला झावळ्यांची झापं बांधायचे. भिंतीला पाणी लागूच द्यायचं नाही, ही त्यातली अक्कल. आपल्या आत्ताच्या इमारतींची भिंत उघडी असते आणि छज्जा असला तर नावापुरता. त्या भिंतीवर जिथे बारीकशी चीर असेल तिथून वारा पाणी आत ढकलतो.

चिरा कुठे शोधायच्या? उघडीप मिळाली की खाली जाऊन, शक्यतो समोरच्या इमारतीच्या जिन्यातून, आपली भिंत नीट बघा. मोबाइलचा झूम पुरतो. काँक्रीटचा कॉलम किंवा बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात ती रेघ आधी तपासा. दोन्ही ऊन-पावसात वेगवेगळ्या मापाने फुगतात-आकसतात, त्यामुळे तिथे सरळ चीर पडते. मग खिडकीची खालची पट्टी. तिचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, अनेकदा तो नसतो आणि पाणी तिथेच साचून भिंतीत उतरतं. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक, केबलवाल्याने मारलेले खिळे, सांडपाण्याच्या पाइपचे क्लॅम्प, हे सगळं बघा. आणि पाइपाच्या सांध्यातून पिंपळ उगवला असेल तर त्याचे फोटो आजच काढून ठेवा. पिंपळ वरून कापून जात नाही, मुळं आत गेलेली असतात आणि त्याच वाटेने पाणी आत येतं.

आतूनही एक तपासणी करा. ओल्या भागावर बोटांच्या पेरांनी टकटक करत जा. भरीव आवाज येता येता मध्येच पोकळ आवाज आला तर तिथे गिलावा विटेपासून सुटलेला आहे. तेवढ्या भागावर कितीही पुट्टी भरली तरी ती टिकणार नाही.

यातूनच तुमच्या रंगाऱ्याचा विषय येतो. पाणी बाहेरून येत असताना आतून वॉटरप्रूफ रंग लावला तर पाण्याचं येणं थांबत नाही, फक्त बाहेर पडणं थांबतं. ते रंगाच्या मागे साचतं आणि रंगाला ढकलून पोपडा काढतं. शिवाय तुम्ही रंग लावून घेता दिवाळीला. आपल्या मनात दिवाळी म्हणजे रंगरंगोटी, ते मला समजतं. पण चार महिने पाणी प्यायलेली विटांची भिंत दिवाळीपर्यंत वाळलेली नसते. हाताला कोरडी लागते, आतून ओली असते. अशा भिंतीवर पुट्टी भरणं म्हणजे पुढच्या पोपड्याची सोय करणं. यंदा दिवाळीत त्या भिंतीला हात लावू नका. पावसाळा सरल्यावर सुटलेला गिलावा विटेपर्यंत काढून टाका आणि ऑक्टोबरच्या उन्हापासून पुढे भिंत उघडीच ठेवा. पाहुणे काय म्हणतील याचा विचार करू नका, हवं तर पुढे पडदा लावा. थंडीतली कोरडी हवा तिला वाळवेल. मधल्या काळात बाहेरच्या चिरा बुजवून, खिडकीची पट्टी दुरुस्त करून, बाहेरून पाणीरोधक लेप झाला पाहिजे. मग नवा गिलावा, तोही पुरता वाळू द्यायचा, आणि रंग जानेवारी-फेब्रुवारीत. आतून ऑइल पेंट किंवा प्लास्टिकसारखा बंद थर देण्यापेक्षा भिंतीला श्वास घेऊ देणारा साधा रंग बरा. चुन्याची सफेदी करायला कुणाची हरकत नसेल तर त्याहून चांगलं काही नाही. चुना अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशीला रुजणं अवघड जातं.

बाहेरचं काम तुमच्या खर्चाने करू नका, निदान आधी भांडून बघा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती दुरुस्त करणं ही संस्थेची जबाबदारी आहे. संडास-मोरी-सिंक यांची आतली गळती त्या-त्या सभासदाची. म्हणूनच सोसायटी तुम्हाला ‘आतली ओल’ म्हणतेय. पेन्सिलीच्या रेघांचे तारखेसह फोटो आणि बाहेरच्या चिरांचे फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी तक्रारीला उत्तर द्यायला कुणी बांधलेलं नसतं. अर्जात हेही लिहा की ओल काँक्रीटपर्यंत पोचली की आतल्या सळ्या गंजतात, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. तो प्रश्न मग तुमच्या बेडरूमचा राहत नाही, इमारतीचा होतो. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांच्या पुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं. शेवटचं कधी झालं, हे अर्जात विचारा.

हे झालं भिंतीचं. हवेतल्या ओलीची वाट मात्र तुम्ही या आठवड्यातच अडवायला लागू शकता.

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र, हायग्रोमीटर, ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं. ते बेडरूममध्ये ठेवा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी फारशी वाढत नाही. ७०-८०च्या वर सतत राहिला तर वाढतेच. आपल्याकडे जुलैत तो ८०च्या वर दिसेल, दचकू नका, तो किती खाली आणता येतो ते बघायचंय.

घरात पाणी किती तयार होतं याची आपल्याला कल्पना नसते. गॅस जळतो तेव्हा त्यातूनही पाण्याची वाफ निघते. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत २२ लिटरच्या आसपास पाणी नुसतं ज्योतीतून स्वयंपाकघरात आलेलं असतं. कुकरची वाफ, चहा, डाळ-भाताचं उकळणं हे वेगळं. मशीनमधून पिळून काढलेल्या एका खेपेच्या कपड्यांत दोन लिटरच्या आसपास पाणी उरतं. ते हॉलमध्ये पंख्याखाली वाळवता तेव्हा कपडे कोरडे होतात आणि ते पाणी बेडरूमच्या भिंतीवर, कपाटात, साड्यांवर जाऊन बसतं. म्हणून कपड्यांची जागा बदला. गॅलरी असेल तर वळचणीखाली. नसेल तर न्हाणीघरात दांडी लावा, दार बंद ठेवा आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. मशीनमध्ये पिळण्याची एक फेरी जास्त द्या. जीन्स, टॉवेल, चादरी उघडीप बघून धुवा.

स्वयंपाकघरात चिमणी असेल तर तिचा पाइप घराबाहेर जातो का, ते बघा. कित्येक चिमण्या तेलकटपणा गाळून तीच हवा पुन्हा घरात सोडतात. त्यांनी वास कमी होतो, वाफ नाही.

खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा असा सल्ला सगळे देतात. पावसाळ्यात तो अर्धाच खरा आहे. बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा घरात येऊन ३० अंशांना तापल्यावर आर्द्रता ७५ टक्क्यांवर येते. म्हणजे आंघोळी, स्वयंपाक यांनी कोंदटलेलं घर मोकळं करायला ती उपयोगी आहे, पण कपाट कोरडं करायला नाही. तेव्हा सकाळच्या आंघोळी आणि स्वयंपाक आटोपले की समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघडा, पंखे लावा, मग पावसाच्या बाजूची खिडकी बंद करा. डासांची अडचण असेल तर खिडकीला जाळी लावा.

एसी असेल तर ड्राय मोडवर, दारं-खिडक्या बंद करून रोज काही तास लावा. पण वीस-बावीस अंशांवर नको. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेतलं पाणी २६ अंशांच्या पृष्ठभागावरच दव होऊन बसतं. खोली गार करून ठेवली आणि मग दार उघडलं की बाहेरची दमट हवा गार भिंतीवर आणि कपाटावर पाणी सोडते. एसी नसेल आणि खर्च झेपत असेल तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, घ्या. तो स्वस्त नाही आणि खोली थोडी गरम करतो, पण मुलाला दमट हवेचा त्रास आहे असं डॉक्टर म्हणाले तर एसीच्या आधी मी तो घेईन.

कपाट त्या भिंतीपासून हलवा. दुसऱ्या, आतल्या भिंतीला लावता आलं तर उत्तम, नाहीतर निदान वीतभर पुढे ओढा. भिंतीला बसवलेलं फर्निचर असेल तर मागची प्लाय काळी पडलीय का बघा. पडली असेल तर ती बदलावी लागेल, पुसून भागणार नाही. पलंगाच्या पेटीतली पांघरुणंही बाहेर काढून हुंगा. कुबट वास आला तर बुरशी दिसत नसली तरी आहे.

साफ करायचं तंत्र सोपं आहे. अमेरिकेतल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा ठोकताळा असा की तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरच्या घरी साफ करावा, त्याहून मोठा असेल तर जाणकाराला बोलवावं. एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे घाला, मुलाला शेजारी पाठवा, खोलीचं दार लावून खिडकी उघडा. कोरड्या ब्रशने किंवा झाडूने घासू नका, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओलं करून फडक्याने पुसा, फडकं पिशवीत घालून टाकून द्या, मग पंखा लावून भिंत वाळवा. लादी किंवा काचेवर नंतर ब्लीच वापरायचं तर एक भाग ब्लीचला सोळा भाग पाणी. गिलाव्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, वरचा रंग जातो आणि आतली बुरशी राहते. आणि ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काही कधीही मिसळू नका. विषारी वायू होतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. घरात मदतीला मावशी येत असतील तर त्यांनाही हे नीट सांगा, मास्क-हातमोजे त्यांनाही द्या.

साड्या उघडीप मिळेल त्या दिवशी गॅलरीत नेऊन मऊ ब्रशने झटका, सावलीत हवेशीर पसरा आणि पूर्ण कोरड्या झाल्यावरच ठेवा. जरीच्या आणि रेशमी साड्या घरी धुवायच्या भानगडीत पडू नका, ड्रायक्लीनला द्या. प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाका आणि सुती मलमलीत गुंडाळा. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, ओलीवर त्यांचा इलाज नाही. कपाटात कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे ठेवा, त्यात पाणी जमलेलं डोळ्यांनी दिसतं, भरले की बदला. कपाटात बल्ब पेटता ठेवायची जुनी युक्ती मात्र नको, कापड चिकटलं तर आग लागते. बूट ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, पॉलिश करून उघड्या फळीवर ठेवा.

घर विकायचा विचार सध्या बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात असं काही नाही जे दुरुस्त होणार नाही. सोसायटीने अर्जाला उत्तर दिलं नाही, किंवा वरच्यांची मोरी निघाली आणि ते ऐकेनात, तर पुन्हा लिहा. पत्राबरोबर रेघांचे फोटो, फॉइलच्या कोणत्या बाजूला पाणी होतं ते आणि हायग्रोमीटरचे सकाळ-संध्याकाळचे आकडे पाठवा, म्हणजे मला नेमकं सांगता येईल.